देवळाचें दार व परगांवचीं माणसें

महोत्सवाच्या स्मरणिका चाळून पाहिल्या असतां त्यांत बहुधा तीन गोष्टींची माहिती आढळते: देऊळ केव्हां व कोणीं बांधलें, त्यास खर्च किती आला, आणि कोणकोणत्या पूज्य धर्मगुरूंनीं तेथें सेवा केली. ही माहिती जपून ठेवणें अवश्यच आहे. तथापि त्या देवळाच्या उंबऱ्यावर पहिल्याच खेपेस येऊन उभ्या राहिलेल्या परगांवच्या कुटुंबास आंत कोणीं नेलें, बाकावर सरकून जागा कोणीं दिली, गीतपुस्तक उघडून हातांत कोणीं ठेवलें, ह्याची नोंद कोणत्याच वहींत सांपडत नाहीं. बाप्तिस्म्याचें पुस्तक आहे, विवाहाचें आहे, मृतांचें आहे. स्वागताचें पुस्तक कोठेंच नाहीं. ह्या न लिहिल्या गेलेल्या इतिहासाचा थोडासा मागोवा घ्यावा, असें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. वाचकांनीं तो आपापल्या घरच्या आठवणींशीं ताडून पाहावा, इतकीच विनंती.

वऱ्हाडांत हा विषय विशेष जिव्हाळ्याचा असावा असें आम्हांस वाटतें. कारण येथील कॅथलिक समाजाचा बराच भाग स्वतःच पाहुणा म्हणून आलेला आहे. 1853 सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढें कापसाच्या व्यापारानें अकोला, खामगांव, अमरावती हीं नांवें दूरदूरच्या बाजारांत गाजूं लागलीं. आणि 1867 सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा ह्या वाटेनें नागपुरास पोंचला. त्या लोहमार्गानें कापसाच्या गांठी नेल्या, तशीं माणसेंही आणलीं. रेल्वेचे नोकर, कचेरींतले कारकून, शिक्षक, परिचारिका. कोणी गोमंतकांतून, कोणी मद्रासेकडून, कोणी वसईकडून, आणि पुढें केरळांतून व मराठवाड्यांतून. पेठ ह्या शब्दाचा अर्थच मुळीं वसविलेली वस्ती. जठारपेठ काय किंवा रामदासपेठ काय, अशा वस्त्यांत भाड्याची खोली घेऊन, ट्रंकेचें कुलूप काढण्यापूर्वीं "येथें मिस्सा किती वाजतां?" म्हणून विचारणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या येत गेलीं.

त्यांच्यासाठीं वेदीपाशीं उभे राहणारे धर्मगुरुही पाहुणेच. नागपूरचा धर्मप्रांत 1887 सालीं स्थापन झाला. त्याचा भार संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या मिशनरी संघाकडे होता. हा संघ 1838 सालीं आल्प्सच्या पायथ्याशीं, आनसी नगरांत जन्मास आला. बर्फाच्या प्रदेशांत वाढलेल्या त्या पुरुषांनीं वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हांत प्रवास केला, तो गांवोगांवच्या लोकांनीं पुढें केलेल्या तांब्याभर पाण्यावर. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत 8 मे 1955 रोजीं झाला, व त्यांतूनच 1977 सालीं औरंगाबादचा वेगळा निघाला. ह्यावरून तो मुलूख किती विस्तीर्ण होता ह्याची कल्पना येईल. एका धर्मगुरूस अनेक ठाणीं सांभाळावयाचीं असल्यावर तो कोणाच्या तरी ओसरीवर उतरणार, कोणाच्या तरी बाजेवर निजणार, हें ओघानेंच आलें. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा हिशेब आमच्या प्रांतांत कधींच सरळ नव्हता.

आतां बरेंच मागें जाऊं. ख्रिस्तसभेच्या आरंभींचीं माणसेंही प्रवासीच होतीं. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं फीबी नांवाच्या भगिनीचें नीट स्वागत करावें, तिला लागेल तें साहाय्य द्यावें, अशी शिफारस केली आहे. संत याकोबाच्या पत्रांत तर बसण्याच्या जागेवरूनच कानउघाडणी आहे: सोन्याची अंगठी घातलेल्यास उत्तम आसन व मळक्या वस्त्राच्या गरिबास पायांजवळची जागा, हा शुद्ध पक्षपात होय, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. सुमारें इ. स. 155 मध्यें संत जस्टिन ह्यांनीं रोमच्या बादशहास उद्देशून ख्रिस्ती धर्माचें समर्थन लिहिलें. रविवारच्या उपासनेचें वर्णन करितांना, जमलेल्या दानांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान ह्यांच्याबरोबर परगांवाहून आलेल्यांचीही सोय केली जाते, असें ते नमूद करितात. मात्र त्या काळचे लोक भोळे होते असें कोणीं समजूं नये. 'डिडाके' नांवाच्या अतिप्राचीन नियमग्रंथांत वाटसरूस दोन-तीन दिवस ठेवून घ्यावें, आणि पुढेंही राहावयाचें असल्यास त्यानें कांहीं उद्योग धरावा, असें बजाविलेलें आहे. फुकटखाऊ पाहुण्याची ओळख त्यांसही होती!

ह्या सर्वांत आम्हांस अधिक हृद्य वाटतो तो तिसऱ्या शतकांत सिरिया देशाकडे रचिलेला 'डिडास्कालिया' हा ग्रंथ. त्यांत देवळाच्या दारांत एक डीकन उभा राहण्याची व्यवस्था सांगितली आहे. दुसऱ्या मंडळींतून कोणी भाऊ-बहीण आली तर त्यानें आपुलकीनें विचारपूस करावी व योग्य ठिकाणीं नेऊन बसवावें. उपासना चालू असतां कोणी प्रतिष्ठित गृहस्थ आला तर बिशपनें आपलें बोलणें थांबवूं नये; मंडळींतल्या कोणीं तरी उठून त्यास जागा द्यावी. परंतु एखादा दरिद्री मनुष्य आला, मग तो त्या गांवचा असो कीं परका, विशेषतः म्हातारा असला आणि जागा उरली नसली, तर बिशपनें स्वतः त्याची सोय करावी, मग त्यास भुईवर बसावें लागलें तरी हरकत नाहीं! श्रीमंतासाठीं शब्दही थांबवावयाचा नाहीं आणि गरिबासाठीं आसन सोडावयाचें. सतराशें वर्षांपूर्वीं लिहिलेला हा नियम आज किती देवळांत पाळला जाईल, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा. आमच्या वर्गणीदारांच्या पहिल्या बाकास तो निश्चित अडचणीचा आहे.

दारांतील हें काम इतकें महत्त्वाचें मानलें गेलें कीं तें एक धर्मपद झालें. इ. स. 251 च्या सुमारास पोप कॉर्नेलिअस ह्यांनीं अंत्युखियाच्या बिशपास पत्र लिहिलें. त्यांत रोमच्या मंडळीचा हिशेब दिलेला आहे. 46 धर्मगुरु, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 वेदीसेवक. आणि भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून 52. ह्यांखेरीज मंडळीच्या अन्नावर असलेल्या विधवा व गांजलेलीं माणसें पंधराशेंहून अधिक. म्हणजे ज्या यादींत बिशप व धर्मगुरु, त्याच यादींत द्वारपाल. पुढें शतकानुशतकें धर्मगुरु होऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकास प्रथम द्वारपालाची दीक्षा घ्यावी लागे. बिशप त्याच्या हातीं देवळाच्या किल्ल्या देई. मग त्यास दारापाशीं नेत, तो दार लावी, उघडी, व घंटा वाजवी. वेदीकडे जाण्याची वाट दारापासून सुरू होते, हें त्या विधीनें दाखविलें जाई.

सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट ह्यांनीं आपल्या मठासाठीं नियम लिहिले. पाहुण्यास ख्रिस्त समजून घ्यावें, हा त्यांतला नियम पुष्कळांस ठाऊक असतो. दाराविषयींचा नियम तितका प्रसिद्ध नाहीं, पण तो फार व्यवहारी आहे. मठाच्या दारावर समंजस म्हातारा ठेवावा. त्याला निरोप घेतां व देतां यावा, आणि त्याच्या वयामुळें तो इकडेतिकडे भटकणार नाहीं! त्याची खोली दाराशींच असावी, म्हणजे येणाऱ्यास कोणी तरी हटकून भेटेल. संत आल्फोन्सुस रॉड्रिग्ज हे असेच दारावरचे संत. बायको व मुलें गमावून, धंदा बुडून, उतरत्या वयांत ते येसूसंघांत शिरले, आणि मायोर्का बेटावरील विद्यालयाचें दार त्यांनीं वर्षानुवर्षें सांभाळलें. घंटा वाजली कीं प्रभूच बाहेर उभा आहे असें मनांत आणून ते उठत. त्याच दारांत पेत्र क्लाव्हेर नांवाच्या एका तरुणास त्यांनीं समुद्रापलीकडे जाण्याचा धीर दिला. तो पुढें कार्ताहेनाच्या बंदरावर गुलामांच्या जहाजांत उतरून त्यांची सेवा करीत राहिला. दोघांसही 1888 सालीं एकाच दिवशीं संतपद मिळालें. त्यांतल्या एकानें आयुष्यभर दार उघडण्याखेरीज जगाच्या दृष्टीनें कांहींच केलें नव्हतें.

येथवर जुनी हकीकत झाली. आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या मतें ह्या विषयाचा गाभा आहे, आणि ती आपल्या आईबापांच्या हयातींत घडली.

त्यांच्या तरुणपणीं लॅटिन विधीच्या सर्व देवळांत मिस्साची भाषा लॅटिन असे. अकोल्याच्या देवळांत प्रथमच शिरलेल्या मडगांवच्या किंवा त्रिचनापल्लीच्या मनुष्यास वेदीवर काय चाललें आहे हें कोणीं सांगावें लागत नसे. तेच शब्द, तेच उठणें, तेंच गुडघे टेकणें. डोळे मिटले कीं तो आपल्या गांवच्या देवळांत असे. अर्थ फारसा कळत नसे हें खरें, पण न कळण्यांतही सर्व सारखे होते. यजमानाचें निम्में काम त्या भाषेनें परस्पर उरकलेलें असे. पुढें 4 डिसेंबर 1963 रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें, आणि थोड्याच वर्षांत वेदीवरून मराठी ऐकूं येऊं लागली. हें फार मोठें कल्याण झालें. ज्या आजीबाईंनीं जन्मभर जपमाळ ओढीत मिस्सा पाहिला, त्यांना तो आतां ऐकूं आला. परंतु त्याच दिवसापासून केरळची परिचारिका मराठी उपासनेंत परकी झाली, आणि गांवाकडची मराठी बाई शहरांतल्या इंग्रजी उपासनेंत परकी झाली. 1969 च्या एप्रिलांत भारतासाठीं बारा अनुकूलनांस रोमची मान्यता मिळाली: हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती, भुईवर बसणें, पादत्राणें बाहेर काढणें इत्यादि. तींही चांगलींच, पण कोठें तीं स्वीकारलीं गेलीं, कोठें नाहीं. त्यामुळें परगांवच्या कुटुंबास दारांतच पहिला प्रश्न पडतो, कीं चपला काढावयाच्या कीं नाहीं? बाप बुटांकडे पाहतो, आई इतरांच्या पायांकडे पाहते, आणि मुलें ओशाळतात.

आणि नेमक्या ह्याच वेळीं, 15 ऑगस्ट 1972 रोजीं, पोप सहावे पौल ह्यांनीं द्वारपालाची जुनी पदवी रद्द केली. ती तोंवर केवळ नांवाची उरली होती, म्हणून त्या निर्णयास कोणी दोष देऊं शकणार नाहीं. तथापि योगायोग पाहण्यासारखा आहे. नऊ वर्षांच्या आंत सर्वांस सारखी असलेली भाषा गेली, आणि दाराशीं उभे राहणाऱ्याचें पदही गेलें. जें काम लॅटिन व द्वारपाल मिळून करीत, तें तेव्हांपासून बाकावर बसणाऱ्या साध्या माणसांकडे आलें. त्यांस हें कोणीं कळविलें मात्र नाहीं.

भाषेचा मान पाहुण्यानें राखावा कीं यजमानानें, असा वाद कोणी घालील. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येसूसंघी 1579 सालीं गोव्यास आले; पाहुणे असून त्यांनीं यजमानांची भाषा अशी आत्मसात केली कीं 1616 सालीं राचोल येथें त्यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. पण स्टीफन्ससाहेबांपाशीं चाळीस वर्षें होतीं. बदली होऊन आलेल्या बँकेच्या कारकुनापाशीं दोन-तीन रविवार असतात. तेवढ्यांत त्याच्या बायकोशीं कोणी बोललें तर तीं आपलीं होतात. नाहीं तर पुढें नाताळांत व ईस्टरला तेवढीं दिसतात, आणि "हल्लीं लोकांस श्रद्धा राहिली नाहीं" असा शेरा आम्ही मारून मोकळे होतों.

काय बोलावें ह्यालाही इतिहास आहे, आणि तो गोड नाहीं. आपल्या देशांत "आडनांव काय?" हा प्रश्न निरुपद्रवी नव्हे. पुष्कळदां तो जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो, आणि ज्याला तो विचारला जातो त्यास तें पुरतें ठाऊक असतें. तिरुनेलवेली जिल्ह्यांतील वडक्कनकुळम येथें एकोणिसाव्या शतकांत असें देऊळ बांधलें गेलें कीं वेदी एक आणि मंडप दोन. दोहों बाजूंच्या जातींनीं एकमेकांस पाहूं नये म्हणून मध्यें भिंत. ती भिंत 1910 सालीं पाडली गेली, तेव्हां वाद मद्रासच्या उच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि न्यायालयानें भिंतीचा हक्क मानला नाहीं. वऱ्हाडांत अशी भिंत कोणीं बांधली नाहीं, असें म्हणून आम्हांस सुटतां येणार नाहीं. कारण चुन्याविटांवांचूनही भिंती उभ्या राहतात. भारताच्या बिशपमंडळानें 2016 च्या डिसेंबरांत दलित ख्रिस्ती बांधवांविषयीं जें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत ख्रिस्तसभेच्या आंत हा भेद अजून असल्याची कबुली आहे. म्हणून परक्या कुटुंबास आडनांव विचारण्याऐवजीं "कोठें उतरलांत? पोरांची शाळा ठरली का? दळणाची गिरणी सांपडली का?" असें विचारणें बरें. वऱ्हाडी माणसास हें शिकवावें लागत नाहीं. आपल्या घरीं पाहुणा आला तर आधीं पाय धुवावयास पाणी, मग गूळ-पाणी, आणि कामाची गोष्ट मागाहून. तोच मनुष्य देवळाच्या आवारांत शिरला कीं ही रीत घरीं ठेवून कां येतो, हें एक कोडेंच आहे.

ह्या बाबतींत शेजाऱ्यांकडे पाहण्यास संकोच नसावा. अकोल्याहून भुसावळकडे जातांना लागणाऱ्या शेगांवीं श्री गजानन महाराजांनीं 8 सप्टेंबर 1910 रोजीं समाधि घेतली; आम्ही ज्या दिवशीं मरियामातेचा जन्मोत्सव करितों तीच ती तारीख. तेथील संस्थानांत गांवोगांवचे सेवेकरी पाळीपाळीनें येतात, वेतनावांचून राबतात. कोणी चपला सांभाळतो, कोणी पाणी देतो, कोणी झाडतो, आणि येणाऱ्यास "माउली" म्हणून हांक मारतो. येणारा कोण, कोठला, हें विचारण्याचें त्यांस प्रयोजन पडत नाहीं. आमच्याही घरचें उदाहरण आहे. श्रीरामपूर तालुक्यांतील हरेगांवीं 1949 सालापासून मतमाउलीची यात्रा भरते. सर्व धर्मांचे लोक तेथें येतात, आणि त्यांची उठबस करण्यांत आसपासच्या ख्रिस्ती मंडळींचे दिवस जातात. यात्रेंत हजारोंची व्यवस्था लावणें कष्टाचें खरें, परंतु त्यासाठीं मंडप असतो, समिति असते, उत्साह असतो. पावसाळ्यांतल्या एखाद्या साध्या रविवारीं, शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलेलें एकच कुटुंब ओळखणें हें त्याहून अवघड. तेथें समिति नसते.

तीं कामें खरोखर किती लहान असतात! पुस्तकाचें पान काढून देणें. गीताचा क्रमांक बोटानें दाखविणें. रडणाऱ्या मुलाच्या आईकडे वळून न पाहणें, व जमल्यास तिला पंख्याखालची जागा देणें. चपला कोठें ठेवावयाच्या तें आपणच पुढें होऊन सांगणें. इंग्रजी, हिंदी किंवा मल्याळी मिस्सा कोणत्या रविवारीं असतो तें कळविणें. मिस्सा संपल्यावर ओळखीच्यांच्या घोळक्यांत शिरण्यापूर्वीं दहा पावलें उलट दिशेनें चालणें. आमच्या अनुभवानें हेंच सर्वांत जड जातें. आणि दुसऱ्या रविवारीं त्यांचें नांव लक्षांत असणें.

2020 च्या मार्चांत साथीमुळें देशांतलीं सर्व देवळें बंद झालीं. महाराष्ट्रांत तीं 16 नोव्हेंबर 2020 रोजीं उघडलीं, पुन्हां मिटलीं, आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजीं परत उघडलीं. त्या वेळच्या नियमांप्रमाणें दारांत कोणी तरी उभें राहणें भाग होतें: येणाऱ्याचा ताप पाहावयाचा, हातांवर औषध घालावयाचें, अंतर राखून जागा दाखवावयाची. 1972 सालीं गेलेला द्वारपाल असा एकाएकीं परत आला. तोंडावर पट्टी असल्यानें त्याचें हसणें दिसत नसे. तरी प्रत्येक येणाऱ्याकडे कोणी तरी पाहत होतें, आणि नवा चेहरा त्याच्या नजरेंतून सुटत नव्हता. पुढें नियम उठला, औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, आणि दारांतली ती खुर्ची बहुतेक ठिकाणीं आंत गेली. यंदाच्या महोत्सवास बाहेरगांवचीं पुष्कळ कुटुंबें येतील. त्यांत कांहीं पूर्वीं येथें राहून बदलून गेलेलीं, कांहीं अगदींच नवीं. मंडपाचें, जेवणाचें, गायनाचें काम कोणाकडे हें अशा वेळीं आधीं ठरतें. दार कोणाकडे, तें ठरवितांना संत बेनेडिक्ट ह्यांच्या नियमांतला तो समंजस म्हातारा आपल्यांत कोण आहे, हें आधीं पाहावें, आणि त्याची खुर्ची उन्हांत येणार नाहीं अशी मांडावी.